माया निळा बनवताना: वाईतल्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

चुन्याच्या गिलाव्यावर टिकेल असा निळा हवा आहे. अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो, पण त्याची छटा जांभळट. मला हवा तो पिरोजीकडे झुकणारा. तसा एक जुना रंग आहे, मेक्सिकोतल्या माया लोकांचा. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची पांढरी माती, दोन्ही एकत्र करून तापवायचं, एवढीच त्याची कृती. चिचेन इत्झाच्या योद्ध्यांच्या मंदिरातल्या भिंतींवरचा हा रंग १९३१ मध्ये मर्विन यांनी नोंदवला. १९४२ मध्ये गेटन्स आणि स्टाउट यांनी त्याला 'माया निळा' म्हटलं. त्यात नीळ आहे हे पटायला मात्र १९६०चं दशक उजाडावं लागलं. नुसती नीळ नायट्रिक आम्लात बघता बघता पिवळी पडते आणि हा रंग त्याच आम्लात ढिम्म हलत नाही, मग त्यात वनस्पतीचा रंग असेल असं कोणाला वाटणार?

या नोंदी कोणाला करून बघायचं असेल त्याच्यासाठी. मी रसायनशास्त्राची नाही, जुन्या वाड्यांच्या भिंती दुरुस्त करते. आम्लाचं सगळं काम साताऱ्यात ओळखीच्या सरांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. ते घरी करू नका.

सामान: नीळ, माती, खल, वस्त्रगाळ करायला जुनं मलमल, घरचा जुना ओव्हन, अन्नाला पुन्हा कधीच न वापरायची एक कढई, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत नीट मोजणारा काटा.

किराणा दुकानातली कपड्यांची नीळ घेऊ नका. पुडीतली निळी भुकटी बहुतेक वेळा अल्ट्रामरीन असते. ओळखायचं असेल तर चिमूटभर घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका: रंग उडतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. खऱ्या निळीवर या आम्लाचा काही परिणाम होत नाही. मी कापड रंगवणाऱ्यांकडून कृत्रिम नीळ घेतली, ९४ टक्के शुद्धतेची. वनस्पतीची नीळ नंतर बघू. तिच्यात चुना, डिंकासारखे पदार्थ, तांबूस रंगद्रव्य असं बरंच असतं, आणि सुरुवातीलाच इतक्या गोष्टी बदलत्या ठेवल्या तर काय कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.

२० फेब्रुवारी

माती मिळवणं हेच खरं काम. पॅलिगोर्स्काइट बाजारात 'अटॅपल्गाइट' नावाने विकतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटॅपल्गस गावावरून ते नाव पडलं. विहिरी आणि तेलाचे कूप खोदताना वापरतात, सांडलेलं तेल शोषायला वापरतात, पूर्वी जुलाब थांबवायच्या औषधातही असायची. युकातानमध्ये तिकुल गावाच्या आसपास हीच माती अजून निघते आणि तिथले लोकही ती पोटाच्या तक्रारीवर घेतात.

इथे किरकोळ कोणी देत नाही. एका विक्रेत्याने 'अटॅपल्गाइट ग्रेड' म्हणून २५ किलोचं पोतं दिलं, त्याहून कमी नाहीच म्हणाला. पोतं ११०० रुपये, वाहतूक ४५०. माती राखाडी-पिवळट, हाताला साबणासारखी बुळबुळीत.

तुलनेला मुलतानी मातीही आणून ठेवली, किराणावाल्याकडूनच.

२६ फेब्रुवारी

पहिला घाणा. १०० ग्रॅम माती, ५ ग्रॅम नीळ, खलात तासभर कोरडंच घोटलं. मिश्रण काळपट निळं झालं. कढईत घालून गॅसवर मंद आचेवर परतायला घेतलं.

पाचेक मिनिटांत कढईच्या तळाशी जांभळी वाफ दिसायला लागली. अगदी जांभळ्या शाईचा धूर असावा तशी, वास जळक्या केसांच्या आसपासचा. नीळ उडून चालली होती. कढईचा तळ सहज ३०० अंशांच्या पुढे जातो आणि त्या तापमानाला नीळ वितळायच्या भानगडीत न पडता थेट वाफ होते. झाकणाच्या आतल्या बाजूला जांभळट-तांबूस चकाकणारा थर बसला, तो घासून निघेना.

गॅस बंद. यापुढे फक्त ओव्हन. खिडकी उघडी ठेवा, ही वाफ नाकात जाण्याच्या लायकीची नाही.

५ मार्च

ओव्हनमध्ये १५० अंशांवर पाच तास तापवलेला दुसरा घाणा (नीळ ५ टक्केच) घेऊन साताऱ्याला. दिसायला फार सुंदर, गडद निळा. सरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "धुतलात का?" धुतला नव्हता, म्हणजे मातीत न बसलेली नीळ काढून टाकली नव्हती.

तरी आम्लाची चाचणी घेतली. काचेच्या चकतीवर चिमूटभर पूड आणि वर संहत नायट्रिकचे दोन थेंब, धूर ओढून घेणाऱ्या हूडखाली. एका चकतीवर नुसती नीळ, दुसरीवर मुलतानी माती आणि नीळ यांचं तापवलेलं मिश्रण, तिसरीवर माझा घाणा. नुसती नीळ लगेच पिवळी झाली, वर तपकिरी धुराची एक रेघ. निळीचा आयसॅटिन होतो तो हा पिवळा. मुलतानीची चकती थोडी अडखळत पिवळी. माझ्या घाण्याची चकती आधी हिरवट, मग पिवळी.

प्रयोगशाळेतले मामा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, पिवळं झालं म्हणजे पास का नापास?"

नापास, मामा. तिन्ही.

१४ मार्च

सरांचं म्हणणं, दोन शंका आहेत: नीळ फार झाली, किंवा माती ती नव्हेच. खऱ्या माया निळ्यात नीळ वजनाने साधारण अर्धा ते दोन टक्के असते. म्हणजे मी दुपटीहून जास्त घातली होती. पण तेवढ्याने सगळंच पिवळं व्हायचं कारण नाही; जास्तीची नीळ पिवळी होऊन मागे थोडा तरी निळा उरायला हवा होता. तेव्हा आधी मातीची चौकशी.

घरी करण्यासारख्या दोन चाचण्या, दोन्ही फुकटात पडतात.

पहिली मिठाच्या पाण्याची. ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी. दोन्हींत माती घालून मिक्सरमध्ये जोरात फिरवायची. अटॅपल्गाइट खाऱ्या पाण्यातही दाट राहते, म्हणून तर खाऱ्या थरांतून खोदकाम करताना ती वापरतात. बेंटोनाइटच्या जातीची माती साध्या पाण्यात फुगते आणि खाऱ्या पाण्यात गठ्ठे होऊन खाली बसते. माझ्या पोत्यातली माती खाऱ्या पाण्यात दहा मिनिटांत तळाला. वर स्वच्छ निवळी.

दुसरी मेथिलीन ब्लूची. पाण्यात कालवलेल्या मातीत रंगाचं द्रावण थोडं थोडं घालत जायचं आणि दर वेळी काडीने एक थेंब गाळणकागदावर ठेवायचा. रंग मातीला चिकटत असेपर्यंत कागदावर मधे निळा ठिपका आणि भोवती स्वच्छ पाण्याचं वर्तुळ. मातीची जागा भरली की वर्तुळाला निळसर कड येते. माझ्या मातीने द्रावण प्यायचं थांबवेनाच. मधला ठिपका निळ्याऐवजी जांभळट दिसत होता. बेंटोनाइटवर मेथिलीन ब्लूचे रेणू एकमेकांना खेटून बसले की रंग असा सरकतो.

हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. दोन्ही मातींचे नमुने क्ष-किरण तपासणीला पाठवले.

२९ मार्च

क्ष-किरणांचा आलेख आला. पॅलिगोर्स्काइटचं ठळक शिखर ८.४ अंशांजवळ यायला हवं, म्हणजे थरांमधलं अंतर १.०५ नॅनोमीटर. तिथे एक पुसटसा उंचवटा. मोठं शिखर ६ अंशांजवळ, दीड नॅनोमीटरचं: स्मेक्टाइट. पोत्यावर अटॅपल्गाइट लिहिलेली माती बहुतांशी बेंटोनाइटची बहीण निघाली. मुलतानीचा आलेखही जवळपास तसाच. विक्रेत्याला फोन केला तर "मॅडम, शोषणाला दोन्ही सारखंच काम करतं." त्याच्या बाजूने पाहिलं तर खोटं नाही, तेल पुसायला दोन्ही चालतात. दीड महिना आणि दीड हजार रुपये गेले ते गेले.

आता या दोन मातींत फरक काय तो इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

स्मेक्टाइट पापुद्र्यांची माती आहे. आपली काळी रेगूर जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, ती याच खनिजामुळे. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे मेथिलीन ब्लूसारखा धन भाराचा रंग तिथे ओढला जातो आणि गच्च बसतो. निळीच्या रेणूवर भारच नाही. तिला पापुद्र्यांमधे शिरायचं काही कारण नसतं, ती बाहेर भुकटी होऊन बसून राहते. आम्ल आलं की उघड्यावर सापडते.

पॅलिगोर्स्काइट तंतूंची माती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांत ती शेवयांच्या गुंत्यासारखी दिसते. तिच्या आतल्या पट्ट्या आळीपाळीने उलट-सुलट रचलेल्या असतात आणि पट्ट्यांच्या मधे तंतूच्या लांबीभर चर सुटतात, आडवा छेद साधारण ०.६४ बाय ०.३७ नॅनोमीटर. निळीचा रेणू चपटा, लांबी सव्वा नॅनोमीटरच्या आसपास, रुंदी अर्धा नॅनोमीटर. म्हणजे तो तिथे जेमतेम, कडेवर उभा राहूनच मावतो. चरात मुळात पाणी असतं, दोन प्रकारचं. एक सैल, ते १०० अंशांच्या थोडं वर गेलं की निघून जातं. दुसरं मॅग्नेशियमला धरून बसलेलं, ते निघायला बरंच जास्त तापमान लागतं. सैल पाणी गेलं की जागा होते, आणि निळीचे दोन ऑक्सिजन त्या दुसऱ्या, घट्ट पाण्याला हायड्रोजन बंधाने धरतात. नीळ सगळ्या चरभर पसरते, की फक्त तोंडाशी बूच होऊन बसते, की तंतूच्या बाहेरच्या अर्धवट उघड्या खाचांत आडवी पडते, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. माझ्या कामापुरतं एवढं पुरे की पाणी बाहेर काढल्याशिवाय नीळ आत जात नाही.

१९६६ मध्ये व्हॅन ओल्फेन यांनी हेच करून दाखवलं होतं: पॅलिगोर्स्काइट आणि तिची नातेवाईक सेपिओलाइट यांच्याबरोबर नीळ तापवली तर आम्लाला टिकते, पापुद्र्यांच्या मातीबरोबर टिकत नाही. ते आधी नीट वाचलं असतं तर मिठाच्या पाण्याची चाचणी पोतं घेण्याआधी नमुन्यावर केली असती. तुम्ही तेवढं करा. नमुना मागा, मिक्सरमध्ये फिरवा, मग पैसे द्या.

११ एप्रिल

नवी माती, पाच किलो, ९०० रुपये. खाऱ्या पाण्यात दाट राहिली. मेथिलीन ब्लूने थोड्यातच पोट भरलं. रंग जवळपास पांढरा.

व्हिनेगर टाकल्यावर बारीक फेस आला, म्हणजे त्यात चुनखडी आहे. बादलीत माती, पाणी आणि व्हिनेगर, फेस थांबेपर्यंत. मग पाणी बदलत धुतली. त्यानंतर भरपूर पाण्यात ढवळून रेती खाली बसू दिली आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं. हे गढूळ पाणी निवळायला किती वेळ लागेल याचा हिशेब करू नका. तंतू एकमेकांत अडकून जेलीसारखे लटकून राहतात. शेवटी मलमलच्या फडक्यात बांधून चक्क्यासारखं रात्रभर टांगलं.

उन्हात वाळवल्यावर त्याची वीट झाली. हातोडीशिवाय फुटेना. पुढच्या वेळी ओली असतानाच ताटात पातळ पसरवून वाळवली, मग पापड मोडावेत तशा चकत्या मोडून खलात घातल्या आणि वस्त्रगाळ केली. त्यातल्या त्यात हे सोपं.

१९ एप्रिल

आज वजनांचा खेळ. वस्त्रगाळ माती बरोबर १०० ग्रॅम, ताटात पसरून ११० अंशांवर दोन तास. बाहेर काढली तेव्हा ८८ ग्रॅम. सूत्रावरून पाहिलं तर चरांतलं सैल पाणी साडेआठ टक्क्यांच्या आसपास भरतं. बाकीचं तंतूंनी बाहेरच्या बाजूला दमट हवेतून धरलेलं.

काटा चालूच ठेवला होता आणि ताट त्यावरच होतं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर वाढायला लागला. ८८.१, मग ८८.४. चहा घेऊन येईपर्यंत ९० च्या वर. वैशाखाआधीच्या कोरड्या हवेतसुद्धा माती पाणी परत ओढून घेत होती. म्हणजे आधी माती सुकवून, थंड करून, सावकाश घोटून मग तापवण्यात काही अर्थ नाही, मधल्या वेळात चर पुन्हा भरतात. नीळ आणि माती आधी घोटून एकजीव करायची आणि मग एकत्रच तापवायची, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्याच वेळी नीळ शेजारी हजर असते.

२० एप्रिल

माती ९९ ग्रॅम, नीळ १ ग्रॅम. दीड तास घोटलं. मिश्रण राखाडी-निळं, मेलेलं. धुळीने माखलेल्या शाळेच्या गणवेशाचा रंग म्हणा.

ओव्हनच्या बटणावर विश्वास नव्हताच. आत स्वतंत्र थर्मामीटर टांगला तर बटण १५० वर असताना मागच्या कोपऱ्यात १८५ आणि दाराजवळ १३०. खाली रेतीचं ताट ठेवलं आणि त्यावर मिश्रणाचं पातळ ताट. फरक दहा अंशांवर आला.

पाऊण तासाने दार उघडलं आणि पहिल्यांदा या प्रकल्पावर विश्वास बसला. कडेची बोटभर रुंदीची पट्टी हिरवट-पिरोजी झाली होती, मधला ढीग अजून राखाडी-निळा. दोन्हीच्या मधे स्पष्ट सीमा. चमच्याने ढवळलं तर खालचं राखाडी वर आलं आणि तेही हळूहळू बदलत गेलं. नीळ तीच, माती तीच. फक्त रेणू कुठे बसलाय ते बदललं आणि रंग सरकला. पाच तास ठेवलं, दर अर्ध्या तासाने ढवळत.

२४ एप्रिल

साताऱ्यात. आधी धुलाई. निळीला विरघळवणारी द्रव्यं थोडीच आहेत, पाणी आणि स्पिरिट तर बिनकामाचंच. डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरलं. हे द्रव्य कातडीतून आत शिरतं आणि सोबत जे विरघळलं असेल तेही नेतं, म्हणून हातमोजे घालाच. गाळणकागद मातीने लगेच तुंबतो. कॉलेजचं छोटं अपकेंद्री यंत्र मिळालं म्हणून निभावलं. पहिल्या धुण्याचं द्रावण चांगलंच निळं, दुसरं फिकट, चौथं जवळपास स्वच्छ. मग पाण्याने धुऊन सुकवलं. धुतल्यावर पूड फिकट झाली, पण पिरोजी तसाच.

न तापवलेलं मिश्रणही त्याच पद्धतीने धुतलं. ते धुता धुता जवळपास पांढरं झालं. म्हणजे घोटण्याने काही होत नाही, तापवण्याने होतं.

आम्ल: नुसती नीळ पिवळी. जुना बेंटोनाइटचा घाणा पिवळा. नवा, धुतलेला: निळा. पाच मिनिटं निळा. अर्ध्या तासाने किंचित हिरवट, पण निळाच. मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी चकती उजेडात धरली, मग शेजारची पिवळी धरली आणि म्हणाले, "आता बरोबर."

एक गोष्ट लक्षात ठेवा: गरम आम्लात तासन्‌तास ठेवून बघू नका. आम्ल मातीतलं मॅग्नेशियमच काढून नेतं आणि मग घरच मोडलं तर आतल्याने काय करावं. पॅलिगोर्स्काइट या बाबतीत सेपिओलाइटपेक्षा चिवट. सेपिओलाइटचे चर मोठे, १.०६ बाय ०.६७ नॅनोमीटर, नीळ आत सहज जाते. पण आम्लाला पॅलिगोर्स्काइटच बरी.

३ मे

नीळ किती घालायची यासाठी अर्धा, एक, दोन, चार टक्के असे घाणे, बाकी सगळं सारखं. तापवल्यावर न धुता बघितलं तर चार टक्क्यांचा सगळ्यात देखणा. धुतल्यावर दोन आणि चार यांत डोळ्याला फरक दिसत नाही. चार टक्क्यांच्या घाण्यातली जास्तीची नीळ सगळी द्रावणात गेली. अर्ध्या टक्क्याचा फिकट आकाशी, पण त्याच्या धुण्यात जवळजवळ काहीच निघालं नाही. यापुढे मी एक टक्क्याच्या पुढे जाणार नाही. नीळ महाग आहे म्हणून नाही. न बसलेली नीळ भिंतीवर चुन्यात आणि उन्हात मरणार आणि रंग ठिगळ्या-ठिगळ्यांनी उतरणार.

१७ मे

वनस्पतीची नीळ, तमिळनाडूची, वडीच्या रूपात. १०० ग्रॅम ४०० रुपये. तशीच वापरली तर घाणा मातकट हिरवा. वडीवर आम्ल टाकल्यावर फसफसली, म्हणजे चुना. पूड करून सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये भिजवली, धुतली, मग स्पिरिटने धुतली. स्पिरिट तांबूस-जांभळं झालं. उरली ती वजनाने निम्म्याहून कमी. तिचा घाणा बराच चांगला, कृत्रिमपेक्षा एक पायरी हिरवा. मला तो आवडलाय, पण दर वडी वेगळी, त्यामुळे एका भिंतीला लागणारा रंग एकाच वेळी करून ठेवावा लागेल.

२००८ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या एका वाडग्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिचेन इत्झाच्या पवित्र विहिरीतून काढलेला हा वाडगा. त्यात कोपाल या धुपाच्या गोळ्यात नीळ आणि पॅलिगोर्स्काइटचे अवशेष सापडले. विहिरीच्या तळाशी निळ्या गाळाचा चारेक मीटरचा थर आहे. धूप जाळताना रंग बनवत असावेत असा अभ्यासकांचा निष्कर्ष. राळ घालून एक छोटा घाणा मीही केला. काजळी धरली, घर चार दिवस देवळासारखं घमघमत होतं, आणि रंग काळपट. उघड्या ताटात राळ जाळून नाही जमत, एवढंच त्यातून कळलं.

१२ जून

पाऊस सुरू झाला आणि घाणे बिघडायला लागले. कृती तीच, रंग मात्र निस्तेज आणि धुण्यात नीळ जास्त निघते. आधी नव्या निळीवर संशय घेतला, ती बदलून बघितली, फरक नाही. मग लक्षात आलं की पाऊस आत येतोय म्हणून खिडकी बंद आणि घरात वाफेचा वास नको म्हणून मी ताटावर फॉइल घट्ट लावत होते. घोटलेली माती आधीच दमट, वर झाकण. पाणी निघायला वाटच नाही. फॉइल काढून आधी शंभराच्या वर तासभर उघडं, दार बोटभर किलकिलं, आणि मग १५० वर. पहिल्यासारखा पिरोजी परत आला. तापमान वाढवून घाई करावी असं वाटेल, करू नका. २०० च्या पुढे घट्ट पाणीही सुटायला लागतं आणि त्यापुढे चर स्वतःच मुडपून बंद होतात.

२० जुलै

भिंत. एप्रिलअखेरीला मुरवलेल्या चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर परसातल्या दक्षिणेकडच्या भिंतीला तीन हातभर चौकोन लावले होते: नुसती नीळ, माया निळा, अल्ट्रामरीन. तिन्ही फक्त पाण्यात कालवून, डिंक न घालता. ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो, वर मे महिन्याचं ऊन, आणि आता वाईचा पाऊस.

निळीचा चौकोन मे महिन्यातच राखाडी झाला होता, आता कुठे होता ते शोधावं लागतं. अल्ट्रामरीन ठणठणीत. माया निळा खालच्या कडेला, जिथे छपराचं पाणी उडतं तिथे, थोडा झिजलाय. तिथे गिलावाच झिजलाय, रंग उडालेला नाही. बोट ओलं करून घासलं तर हाताला लागत नाही. वरचा भाग लावला तेव्हा होता तसाच.

एक अडचण उरली आहे. माती पाणी पिते, त्यामुळे रंग कालवल्यावर दोन मिनिटांत कुंचल्यात दाट होतो आणि गिलाव्यावर रेघ ओढली की तुटते. पूड आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवली आणि वापरायच्या आधी चुन्याच्या निवळीत सैल केली तर हातभर लांब रेघ येते. बारीक नक्षीला अजून पुरेसं नाही. तिथे सध्या अल्ट्रामरीनच.

अजिंठ्याला निळा हवा होता तेव्हा त्यांनी परदेशातून लाजवर्द आणला. ते आणणाऱ्याला काय पडलं असेल कोण जाणे. मला आत्तापर्यंत पडलेलं असं: चुकीची माती वाहतुकीसह १५५०, बरोबर माती ९००, कृत्रिम नीळ १०० ग्रॅमला ६००, वडीची ४००, क्ष-किरण तपासणी दोन नमुन्यांची १४००, डायमिथाइल सल्फॉक्साइड ७००. एकूण ५५५० रुपये, वीज आणि साताऱ्याच्या एसटीचं भाडं वेगळं. ओव्हन आता फक्त याच कामाचा राहिला. आजवर धुऊन तयार झालेला रंग पाऊण किलो, तेवढ्यात माझ्या हिशेबाने एका देवडीची नक्षी होईल. स्मेक्टाइटचं पोतं जवळपास भरलेलंच आहे. कोणाला सांडलेलं तेल पुसायला हवं असेल तर वाईत येऊन घेऊन जा, पैसे नकोत.